त्या जर्सीत काय केलं, तेवढंच मोजा

ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा आजवरचा सर्वांत मोठा वाइड रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा खेळाडू, कोण, हा वाद युनिव्हर्सिटीच्या गावात, कोलंबसमध्ये, उन्हाळाभर चालतो. ऑफिसात डबे उघडले की चालतो, केस कापायला गेलं तर तिथे चालतो, आणि सामने सुरू झाले की स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये शेगडीभोवती उभं राहून तर तासन्‌तास चालतो. मी दादरला क्रिकेट बघत वाढलो, त्यामुळे असल्या वादाची मला पहिल्यापासून हौस. पण इथल्या वादाला एक नियम आहे, आणि तो आपल्याकडे नाही याचं मला वाईट वाटतं. ओहायो स्टेटची जर्सी अंगात असताना पोरानं काय केलं, तेवढंच मोजायचं. पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, त्यानं कितीही नाव कमावलं तरी ते या हिशेबात येत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि वाइड रिसीव्हर कडेने पळत जाऊन, बचाव करणाऱ्याला हुकवून तो झेलतो. शेवटच्या रेषेपलीकडे पोचला की टचडाउन.

मायकेल थॉमसचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये एनएफएलच्या न्यू ऑर्लिन्स संघाकडून त्यानं एका मोसमात १४९ झेल घेतले, तो एनएफएलचा विक्रम झाला. ओहायो स्टेटच्या २०१४ च्या विजेत्या संघातही तो होता. तरीही कोलंबसच्या यादीत पहिल्या पाचांत त्याचं नाव क्वचित येतं, कारण हा विक्रम त्यानं इथे केलेला नाही. उलट टेरी ग्लेन. कोलंबसचाच मुलगा, शिष्यवृत्ती नसताना संघात शिरला आणि १९९५ च्या एका मोसमात ६४ झेल, १,४११ यार्ड आणि १७ टचडाउन करून देशातल्या सर्वोत्तम रिसीव्हरचा बिलेटनिकॉफ पुरस्कार घेऊन गेला. त्या वर्षी पिट्सबर्गविरुद्ध एकाच सामन्यात २५३ यार्ड आणि ४ टचडाउन. ज्यांनी तो सामना स्टेडियममध्ये बसून पाहिला, ते आजही त्याचं नाव आदरानं घेतात.

या नियमाच्या बाबतीत लोक कडक आहेत. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. क्रिस कार्टर त्यांचा सर्वांत आवडता. पहिल्याच वर्षी, १९८५ च्या रोझ बोलमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या एका मानाच्या सामन्यात, पोरानं ९ झेल आणि १७२ यार्ड काढले, तेही धावत चेंडू पुढे नेण्यावर भर असलेल्या संघात. पुढे तो एनएफएलचा महान खेळाडू झाला. पण यादीत हे गृहस्थ त्याला पहिला नंबर देत नाहीत. कॉलेजच्या खेळाडूंना मनाई असताना एजंटशी करार केल्यामुळे कार्टर १९८७ चा मोसम खेळू शकला नाही, त्या वर्षी संघ घसरला आणि प्रशिक्षक अर्ल ब्रूस यांची नोकरी गेली. "तो खेळला नाही ते वर्षही त्याच्याच खात्यात," असं ते म्हणतात. इतका आवडता खेळाडू, पण सूट नाही.

माझं मत मायकेल जेन्किन्सला आहे. तो सर्वांत देखणा किंवा सर्वांत वेगवान नव्हता. हात पाहिले तर अलीकडच्या मार्विन हॅरिसन ज्युनियरचे त्याच्याहून सरस. पण ९ नोव्हेंबर २००२ आठवा. पर्ड्यूच्या मैदानावर ओहायो स्टेट ३-६ ने मागे, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, हवा होता फक्त एक यार्ड. मैदानातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आता अंगाला अंग भिडवून तेवढा एक यार्ड काढतील. क्वार्टरबॅक क्रेग क्रेन्झेलनं चेंडू ३७ यार्डांवर फेकला आणि जेन्किन्सनं तो थेट एंड झोनमध्ये, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे, झेलला. १०-६. त्या मोसमात संघ १४ पैकी १४ सामने जिंकला. फिएस्टा बोलमध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात, मायामीविरुद्ध जादा वेळेत पुन्हा चौथा प्रयत्न आला, या वेळी १४ यार्ड हवे होते. चेंडू पुन्हा जेन्किन्सकडेच गेला आणि त्यानं १७ काढले. हे दोन झेल नसते तर २००२ चं विजेतेपद नसतं. कॉलेज सोडताना त्याच्या नावावर २,८९८ यार्ड होते, संस्थेच्या इतिहासात तोवर सर्वाधिक. एनएफएलमध्ये तो बरी वर्षं खेळला, पण तारा झाला नाही. कोलंबसबाहेर त्याला महान कोणी म्हणत नाही. कोलंबसमध्ये म्हणतात, आणि बरोबर म्हणतात.

आता आमचा दादरच्या मित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तिथे मध्यंतरी मुंबईचा सार्वकालिक रणजी संघ निवडायला घेतला. पहिल्या दहा मिनिटांत गावसकर, सचिन, वेंगसरकर, विजय मर्चंट अशी नावं येऊन गेली. मग फिरकी आली. मी पद्माकर शिवलकरांचं नाव घातलं, तर लगेच एकाचं उत्तर, "अरे, ते भारताकडून एक टेस्ट तरी खेळले का?" दुसऱ्यानं आकडा टाकला: शून्य. विषय तिथेच संपला.

हेच मला सहन होत नाही. यादी मुंबईची करायची आणि प्रमाणपत्र मागायचं भारताच्या कॅपचं. ती कॅप मिळणं न मिळणं त्या माणसाच्या हातात नव्हतं. डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींनी धरून ठेवली होती, आणि बेदी फार मोठे गोलंदाज होते, त्याबद्दल वाद नाही. पण त्यामुळे शिवलकरांनी मुंबईसाठी केलेलं काम लहान कसं होतं? १९७२-७३ ची रणजी फायनल, मद्रासचं चेपॉक, फिरकीला नुसती फिरणारी खेळपट्टी. मुंबईच्या धावा १५१ आणि ११३. समोर तमिळनाडू, त्यांच्याकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ बळी घेतले, दुसऱ्यात १८ धावांत ५. तमिळनाडू ८० आणि ६१ मध्ये संपलं. मुंबईचं ते सलग पंधरावं विजेतेपद. प्रथम श्रेणीत या माणसाचे ५८९ बळी आहेत. गेल्या वर्षी, म्हणजे मार्च २०२५ मध्ये, ते गेले तेव्हा जवळजवळ प्रत्येक श्रद्धांजलीत एकच वाक्य होतं: भारताकडून खेळायला मिळालं नाही. चेपॉकच्या त्या दोन डावांना त्यानंतर कुठेतरी एक ओळ.

अमोल मुझुमदारचंही तेच. प्रथम श्रेणीच्या पहिल्याच डावात २६०, पुढे २००६-०७ मध्ये कर्णधार म्हणून मुंबईला रणजी जिंकून दिली. नाव घरोघरी पोचलं ते मात्र २०२५ मध्ये महिला संघानं विश्वचषक जिंकला तेव्हा, प्रशिक्षक म्हणून. त्या विजयाचा मला मनापासून आनंद झाला. पण मुंबईच्या फलंदाजांची यादी करताना २६० पुरेसे वाटू नयेत?

कोलंबसचे लोक सगळ्यातच शहाणे आहेत असं मी म्हणत नाही. काळ लक्षात घेणं त्यांना जमत नाही, आणि आपल्याला ते छान जमतं. वुडी हेज १९५१ ते १९७८ इथे प्रशिक्षक होते; धावत जा, तीन तीन यार्ड काढा, हा त्यांचा खाक्या. त्या काळात पॉल वॉरफिल्डसारखा माणूस ओहायो स्टेटमध्ये हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, म्हणून खेळत होता, त्याच्याकडे चेंडू फारसा फेकतच नव्हते. आकड्यांच्या यादीत तो कुठेच दिसत नाही, आणि आजची पोरं त्याला यादीतून सरळ वगळतात. जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बानं १ जानेवारी २०२२ च्या रोझ बोलमध्ये युटाविरुद्ध ३४७ यार्ड काढले, १५ झेल, ३ टचडाउन. तो सामना मी पाहिलाय, श्वास रोखून पाहिलाय. पण आता चेंडू फेकण्याचं प्रमाण किती वाढलंय, हे इथे कोणी बोलत नाही. आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं की ओल्या खेळपट्टीवरचे चाळीस पाटा खेळपट्टीवरच्या शंभराला भारी असतात. पावसाळ्यात कांगा लीग खेळलेल्या शहराला ते वेगळं शिकवावं लागत नाही. ही जाण आपली आहे, ती सोडायची नाही. त्यात कोलंबसचा नियम तेवढा मिसळायचा.

तो मिसळला की बरेच गुंते सुटतात. जेमसन विल्यम्स या रिसीव्हरला इथे जागा मिळेना, म्हणून तो अलाबामा युनिव्हर्सिटीत गेला आणि २०२१ मध्ये तिथे १,५७२ यार्ड काढले. कोलंबसमध्ये ते कोणी मोजत नाही, आणि त्याच्यावर कोणाचा रागही नाही, ते अलाबामाचे. वसीम जाफर विदर्भात गेला आणि त्या संघाबरोबर लागोपाठ दोन रणजी जिंकला. ते विदर्भाचे, नागपूरकरांनी अभिमानानं मोजावेत. मुंबईसाठी त्यानं काढलेल्या धावा तेवढ्या मुंबईच्या यादीत, आणि त्या एकट्या पुरेशा आहेत. मुळात कोण कुठला, हेही विचारायचं नाही. ओहायो स्टेटचेच रिसीव्हर घ्या: ख्रिस ओलावे कॅलिफोर्नियाचा, हॅरिसन फिलाडेल्फियाचा, जेरेमाया स्मिथ फ्लोरिडाचा. ओलावेचे ३५ टचडाउन मोजताना त्याचा जन्म कुठला हे मी इथे कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. यशस्वी जयस्वाल भदोहीहून आला आणि आझाद मैदानावरच्या तंबूत राहिला. त्याच्याबद्दल बोलताना आमच्या ग्रुपवर कोणीतरी "तो आपला नाहीच" म्हणालं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. बाहेरून येऊन एखाद्या गावाचं होणं म्हणजे काय, ते मी रोज जगतो.

हा सगळा युक्तिवाद मी ग्रुपवर लिहिला. थोड्या वेळानं एकाचा प्रश्न आला, "मग या नियमानं सचिन राहतो का संघात?"

राहतो. शंभर शतकं बाजूला ठेवली तरी राहतो. पंधराव्या वर्षी रणजी पदार्पणात गुजरातविरुद्ध नाबाद शतक. १९९१ ची फायनल, वानखेडेवर हरियाणाविरुद्ध ३५५ चं लक्ष्य, त्यात त्याच्या ९६. मुंबई दोन धावांनी हरली आणि १३९ वर नाबाद राहिलेले वेंगसरकर मैदानातच रडले. २००० च्या उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध नाबाद २३३. आणि २०१३ मध्ये लाहलीला, शेवटच्या रणजी सामन्यात, चौथ्या डावात नाबाद ७९ करून मुंबईला जिंकून दिलं. सचिन माझ्या संघात चौथ्या क्रमांकावर आहे, वेंगसरकर त्याच्या आधी, आणि डावखुऱ्या फिरकीला शिवलकर.