रस्ते धुतल्याने ओझोन जात नाही

स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर 2017 ते 2023 सलग सात वर्षे पहिले आले आणि 2023 च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणातही त्याने पहिला क्रमांक मिळवला, हे आम्हाला इतक्या वेळा ऐकवले गेले आहे की आता मे महिन्याच्या दुपारी डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो अशी तक्रार केली, तर आपण शहराची बदनामी करत आहोत असेच समोरच्याला वाटते. रात्री रस्ते झाडले जातात, धुतले जातात, टँकरने पाणी मारले जाते. हे सर्व उत्तमच आहे, पण त्याने धूळ बसते. भर दुपारी रस्त्यावरच्या हवेत जो ओझोन वायू तयार होतो, तो कोणत्याही झाडूला सापडत नाही, आणि त्याच्याविषयी बोलण्याची कोणाला गरजही वाटत नाही. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची लक्ष्येही धुळीधुराच्या कणांचीच आहेत.

हा वायू थेट कोणत्याही नळकांड्यातून बाहेर पडत नाही, हे तर सर्वांच्या पथ्यावरच पडले आहे. इंजिनाच्या उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रिक ऑक्साइड बनतो, बाहेर आल्यावर त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो, ऊन त्याला फोडते आणि सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला जुळून ओझोन तयार होतो. प्रकरण एवढ्यावर थांबले असते, तर उरलेल्या नायट्रिक ऑक्साइडने तो ओझोन पुन्हा संपवला असता. परंतु पेट्रोलच्या, थिनरच्या, ओल्या रंगाच्या वाफा मध्ये पडतात, नायट्रिक ऑक्साइडला दुसऱ्या वाटेने वळवतात आणि ओझोन साठत जातो. लॉस एंजेलिसमध्ये 1943 साली लोकांचे डोळे असेच झोंबू लागले, तेव्हा एका कारखान्यावर खापर फोडून तो बंद करण्यात आला. तरीही त्रास गेला नाही. पुढे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की दोष गाड्यांच्या धुराचा, पेट्रोलच्या वाफांचा आणि उन्हाचा आहे. त्याला सत्तर वर्षे उलटून गेली, तरी आम्ही अजून धुळीपाशीच आहोत.

आता आमच्या भागातल्या पेट्रोल पंपाकडे या. टाकी भरली की नळी स्वतःहून टक असा आवाज करून बंद होते, आणि नेमक्या त्याच क्षणी तिथला मुलगा हजारचा आकडा पुरा करण्यासाठी ती आणखी तीनदा दाबतो. टाकीच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसते, वास नाकात भरतो, थोडे पेट्रोल गाडीवर सांडते आणि उन्हात क्षणात उडून जाते. मी म्हटले, "अरे, कट झाल्यावर कशाला भरतोस?" तर मागच्या स्कूटरवरचे गृहस्थ मलाच म्हणाले, "ताई, जाऊ द्या ना, दोन थेंबांनी काय होते?" शहरात रोज किती टाक्या भरल्या जातात, याचा विचार या गृहस्थांनी एकदा तरी करावा.

दुसरी चीड शाळा सुटण्याच्या वेळची. फाटकासमोर गाड्यांची रांग लागते, काचा वर, एसी चालू, इंजिन चालू, आणि आत एकटा माणूस मोबाइल पाहत बसलेला. मुले त्या रांगेतूनच वाट काढत बाहेर येतात. काचेवर टकटक केली, तर उत्तर मिळते, "काकू, बाहेर बेचाळीस डिग्री आहे." मुलांनाही तेवढेच बेचाळीस असते, हे त्यांना कोणी सांगावे? एका सुशिक्षित पालकाने तर मला ओझोन उपकारक असतो, तो आपले संरक्षण करतो, असे समजावले. तो ओझोन पंधरा-वीस किलोमीटर आणि त्याहून वर असतो, महाराज. नाकापाशी आलेला ओझोन फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला सूज आणतो आणि दमेकऱ्यांना हैराण करतो.

बायपासकडचे प्लॉट 'शुद्ध हवेत' म्हणून विकणाऱ्यांचीही गंमतच आहे, कारण भर शहरात ताजा धूर ओझोनला काही प्रमाणात खाऊन टाकतो आणि वाऱ्याच्या दिशेला असलेल्या बाहेरच्या वस्त्यांत तो पुष्कळदा अधिक भरतो.

आणि सर्वात संताप आणणारी गोष्ट म्हणजे पीयूसी. देशात ओझोनसाठी 2009 पासून मानक आहे, आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम आणि एका तासाला 180. म्हणजे हा वायू घातक आहे हे कागदावर मान्य आहे. तरी पेट्रोलच्या गाडीची तपासणी करताना नळकांड्यात सळई घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलच्या गाडीच्या धुराचा काळेपणा पाहतात, आणि ज्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून हा सगळा खेळ सुरू होतो, त्यांच्यासाठी त्या प्रमाणपत्रावर रकानाच नसतो. पैसे घेतात, कागद हातात देतात, आणि आम्ही तो नीट घडी करून गाडीत ठेवतो.