‘रडगाणं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

निवड झाल्याचा मेल पाठवून नंतर गप्प बसलेल्या कंपनीबद्दल मी मागचा लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण वीस वर्षं रिक्रूटमेंटमध्ये काढल्याचं लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मोठ्या कंपनीकडे लाखो अर्ज येतात, प्रत्येकाला कारण कळवणं शक्य नसतं. ऑफर लेटर हातात नसताना मी राजीनामा द्यायला नको होता. फेऱ्यांचा आकडा मी फुगवला. आणि शेवटचं वाक्य: ‘रिजेक्ट झाल्याचं रडगाणं आहे हे, आजकालच्या पोरांना थांबायची सवयच नाही.’

फेऱ्यांचं खरं आहे. मी सहा लिहिल्या होत्या, त्यातली पहिली ऑनलाइन टेस्ट होती. मुलाखती पाचच झाल्या. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ते शेवटचं वाक्य मी सोडणार नाही. मी पोर नाही, पस्तिशी गाठलेला माणूस आहे. माझे वडील कराड डेपोत एसटीचे कंडक्टर होते. थांबणं काय असतं हे आमच्या घराला शिकवू नका. 2012 मध्ये कॉलेजातून माझी निवड झाली आणि जॉइनिंगची तारीख यायला अकरा महिने लागले. ते अकरा महिने मी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा राहून काढले, कुणाविरुद्ध एक ओळ लिहिली नाही. नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022, एसटीचा संप चालला तेव्हा वडिलांच्या निवृत्तीला जेमतेम वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. घरात पगार फक्त माझा होता. तेव्हाही थांबलोच की आम्ही.

आणि मुलाखतीच्या त्या दिवशीचंही सांगतो, कारण लेखात ते एका ओळीत उरकलं होतं. शनिवार होता, हिंजवडी फेज थ्री. सकाळी साडेनऊला गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावलं, गळ्यात व्हिजिटर पास आला. चौथ्या फेरीसाठी नाव पुकारलं तेव्हा पावणेपाच वाजले होते. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते. मांडीवर प्लास्टिकची फाइल, तिच्यात मार्कशीटपासून फॉर्म 16 पर्यंत सगळं क्रमाने लावलेलं. दर अर्ध्या तासाने ते फाइल उघडून कागद मोजायचे. त्यांना तीनच्या सुमारास ‘कळवू’ म्हणून घरी पाठवलं. त्यांनाही थांबायची सवय नव्हती म्हणाल का?

आता ‘रिजेक्ट’ या शब्दाबद्दल. मला कुणी रिजेक्ट केलंच नाही हो! तेच तर लिहिलं होतं. पाचव्या फेरीनंतर ‘यू आर सिलेक्टेड’ असा मेल आला. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, यूएएन म्हणजे पीएफचा नंबर, आधीच्या दोन्ही कंपन्यांची रिलीव्हिंग लेटर्स, बँक स्टेटमेंट, सगळं मागवून घेतलं. मग ‘अप्रूव्हल पेंडिंग आहे’, मग ‘पोझिशन होल्डवर आहे’, मग एचआरने फोन उचलणं बंद केलं. अकरा आठवडे. आजच्या तारखेपर्यंत ‘नाही’ असा एक शब्द त्या कंपनीकडून आलेला नाही. नकार पचवता येतो, सात-आठ पचवलेत मी. नकारच आला नाही तर माणसाने दुसरी ऑफर घ्यायची की नाही, हे तुम्ही सांगा.

लाखो अर्जांचा मुद्दा इथे लागूच होत नाही. पाचव्या फेरीनंतर लाखो उरत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

राजीनाम्याबद्दल लेखात पुरेसं आलं आहे. जुन्या कंपनीचा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आणि नव्या कंपनीची ‘तीस दिवसांत जॉइन होणाराच हवा, आधी रिझाइन करा, ॲक्सेप्टन्सचा मेल दाखवा’ ही अट, या दोन्हींत सापडलेल्याला मागाहून शहाणपण सांगणं सोपं असतं. त्यावर अधिक बोलायची माझी इच्छा नाही.

हे माझ्या एकट्याचं असतं तर लिहिलंही नसतं. 2022 मध्ये ऑफर मिळालेले जवळपास दोन हजार फ्रेशर्स दोन वर्षांनंतरही जॉइनिंगची वाट बघत होते, म्हणून पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेला 2024 मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार करावी लागली. कंपनी वेगळी, पण तऱ्हा तीच. त्या मुलांनाही तुम्ही रडगाणंच म्हणणार असाल, तर आपलं बोलणं इथेच थांबवू.

नाहीतर एकाच गोष्टीचं उत्तर द्या. वीस वर्षांत, निवड झाल्याचं कळवून नंतर जागा रद्द झालेल्या किती उमेदवारांना तुम्ही स्वतः फोन करून तसं सांगितलंत? आकडा लिहा. तुमची प्रतिक्रिया जशी आहे तशी ठेवली आहे, हे उत्तरही ठेवीन.