‘सहा सिटिंग आणि केस जन्मभर गायब’: लेसरच्या या दाव्यात काय चुकतं

‘सहा सिटिंग करा आणि केसांची कटकट जन्मभर विसरा. अजिबात दुखत नाही, कुठल्याही त्वचेला चालतं, लग्नाला महिना उरला असला तरी हरकत नाही. फक्त आदल्या दिवशी वॅक्सिंग करून या.’ लेसर हेअर रिमूव्हलबद्दलचा हा मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतोय. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि काही वाक्यांवर विसंबलं तर त्वचा भाजू शकते.

‘आदल्या दिवशी वॅक्सिंग करून या’

लेसरचा प्रकाश केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, शोषून घेतं. त्यातून जी उष्णता तयार होते तिने मुळाशी नवा केस घडवणाऱ्या पेशी निकामी होतात. वॅक्सिंग, थ्रेडिंग किंवा चिमट्याने केस मुळासकट उपटला, की प्रकाश शोषायला तिथे काही उरतच नाही आणि सिटिंग वाया जातं. म्हणून पहिल्या सिटिंगच्या किमान चार आठवडे आधीपासून शेवटच्या सिटिंगपर्यंत केस उपटायचे नाहीत. मधे वाढले तर रेझर किंवा ट्रिमर वापरा.

सिटिंगच्या 12 ते 24 तास आधी त्या भागावरून रेझर फिरवणं मात्र गरजेचं आहे. त्वचेच्या वर राहिलेला केस जळतो आणि खालच्या त्वचेला चटका देतो. रेझरने केस दाट येतात ही भीती मनातून काढून टाका. पातं मुळापर्यंत पोचत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच.

‘कुठल्याही त्वचेला चालतं’

गव्हाळ आणि सावळ्या त्वचेच्या वरच्या थरातही भरपूर मेलॅनिन असतं. लेसरला ते केसातलं की त्वचेतलं, हे कळत नाही. अलेक्झांड्राइट लेसरची तरंगलांबी 755 नॅनोमीटर; हा प्रकाश मेलॅनिन जोरात शोषून घेतं, म्हणून तो गोऱ्या त्वचेला जास्त मानवतो. एनडी-याग लेसरचा 1064 नॅनोमीटरचा प्रकाश खोल जातो आणि वरच्या थरात कमी शोषला जातो, त्यामुळे सावळ्या त्वचेसाठी तो सर्वांत सुरक्षित मानतात. साधारण 800 ते 810 नॅनोमीटरचा डायोड लेसर या दोहोंच्या मधला. पल्स, म्हणजे प्रकाशाचा प्रत्येक झटका, लांब ठेवली आणि त्वचा नीट गार केली तर आपल्याकडच्या बहुतेकांना तो चालतो. आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) तर लेसरच नाही. तो अनेक तरंगलांबींचा झोत असतो आणि सावळ्या त्वचेवर तो फार जपून वापरावा लागतो. तेव्हा ‘यंत्र कोणतं?’ या प्रश्नाला ‘लेटेस्ट आहे’ असं उत्तर मिळालं तर उठून या.

त्वचा उन्हाने रापलेली असेल तर रंग उतरेपर्यंत थांबा. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, त्याने त्वचा पातळ होते. तुम्ही लावत असलेलं प्रत्येक क्रीम आणि चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना आधी सांगा. टॅटूवर लेसर मारू देऊ नका. पांढऱ्या केसांवर आणि बारीक लवेवर पैसे घालवू नका. त्यांच्यात पुरेसं रंगद्रव्यच नसतं.

‘सहा सिटिंगमध्ये जन्मभर’

अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनसुद्धा या यंत्रांबाबत ‘केसांत कायमस्वरूपी घट’ एवढंच मान्य करतं, समूळ नाश नाही. लेसरचा खरा परिणाम वाढीच्या टप्प्यात असलेल्या केसांवर होतो आणि एका वेळी सगळे केस त्या टप्प्यात नसतात. म्हणून सिटिंग पुन्हा पुन्हा करावी लागतात, आणि पुढेही अधूनमधून एखादं लागू शकतं.

हनुवटी आणि गळ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे राठ केस येत असतील आणि पाळी अनियमित असेल, तर लेसरच्या पॅकेजआधी पीसीओएसची, म्हणजे हार्मोन्स बिघडवणाऱ्या बीजकोशाच्या विकाराची, तपासणी करून घ्या. हार्मोन्स बिघडलेलेच असतील तर आज जी लव आहे तिचे उद्या जाड केस होतात, आणि लेसर त्यांना आधीच थोपवू शकत नाही. शिवाय चेहऱ्यावर आणि मानेवर कधीकधी उलटंच घडतं: लेसर मारलेल्या भागात किंवा त्याच्या कडेला केस वाढतात. मूळ मरण्याइतकी उष्णता पोचत नाही आणि ते उलट चेतवलं जातं, असं यामागचं एक कारण मानलं जातं. केस वाढताना दिसले तर तेच पॅकेज तसंच पुढे रेटू नका.

‘लग्नाला महिना असला तरी चालेल’

चेहऱ्यासाठी दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे लागतात, पायांसाठी साधारण आठ. सहा सिटिंगचा हिशेब केला तर चेहऱ्याला पाच ते सात महिने आणि पायांना नऊ महिने होतात. महिनाभरात सगळं उरकणं शक्य नाही. त्यात डाग पडला तर तो जायलाही काही महिने घेतो.

‘अजिबात दुखत नाही’

रबरबँडचा फटका बसावा तसं दुखतं. दाट, राठ केसांच्या जागी जास्त. पण त्यासाठी घरून भुलीचं क्रीम थापून, वर प्लास्टिक गुंडाळून जाऊ नका. अमेरिकेत दोन तरुणींनी लेसरआधी पायांवर असं केलं. औषध रक्तात उतरलं, झटके आले आणि दोघींचा मृत्यू झाला. त्यानंतर 2007 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने याबद्दल जाहीर इशारा दिला. क्रीम लागलंच तर ते कुठे आणि किती लावायचं, हे डॉक्टरच ठरवतील.

पहिल्या सिटिंगआधी छोट्या जागी चाचणी करून किमान 48 तास थांबा. प्रत्येक वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. भुवयांच्या खाली, पापणीजवळ लेसर नको. नंतर मुळांभोवती लाली आणि किंचित सूज येते. ती काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत उतरते. पुढच्या एकदोन आठवड्यांत जे केस वर येताना दिसतात ते बहुतेक गळून पडणारे असतात, ते ओढू नका. फोड आला किंवा त्वचा करडी-पांढरी पडली तर मात्र ते भाजणं आहे. फोड फोडू नका, गार पाण्याचा कपडा ठेवा आणि त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. यंत्राचं नाव, जूल (प्रकाशाची ऊर्जा), पल्सचे मिलिसेकंद आणि स्पॉटचा (एका वेळी प्रकाश पडणाऱ्या ठिपक्याचा) आकार दर सिटिंगला लिहून घेतलेला कागद सोबत न्या. तो पाहूनच डॉक्टरांना चूक कुठे झाली ते कळेल.