मुलांच्या भुलेत ‘नळी नको, एलएमए हवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘मुलाच्या ऑपरेशनला घशात श्वासाची नळी घालू देऊ नका, एलएमए मागा’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. एलएमए म्हणजे ‘लॅरिंजियल मास्क एअरवे’, श्वासासाठी नळीऐवजी घशात बसवायची वाटी. कारणं चार: नळीने आवाज कायमचा जातो, फुग्याची नळी (टोकाशी फुगवून बाजूची फट बंद करणारा फुगा असलेली) मुलांना चालतच नाही, एलएमए कुठल्याही ऑपरेशनला पुरतो आणि सर्दी असली तरी तो टाकून काम भागतं. मी भूलतज्ज्ञ आहे. हा मेसेज मला इतक्यांदा दाखवून झालाय की एकदाचं लिहूनच टाकतो.

आवाजाचं आधी. नळी स्वरतंतूंमधून खाली उतरते, त्यामुळे नंतर घसा दुखतो, आवाज घोगरा होतो. बहुतेकदा दोन-तीन दिवसांत उतरतं. कायमची इजा होते, नाही असं नाही, पण ती मुख्यतः अतिदक्षता विभागात दिवसेंदिवस नळीवर राहिलेल्या मुलांत. आणि एलएमएनेही घसा दुखतो, हे मेसेजात नाही.

फुग्याची भीती एकेकाळी रास्त होती. मुलांचं स्वरयंत्र नरसाळ्यासारखं, सगळ्यांत अरुंद जागा खालच्या कूर्चेच्या कड्यापाशी, असं आम्हीही घोकलंय. ते कडं ताणलं जात नाही. ४ मिमी व्यासाच्या वाटेत चहूबाजूंनी १ मिमी सूज आली की व्यास उरतो २ मिमी आणि हवेला होणारा विरोध १६ पट. म्हणून लहान मुलांना बिनफुग्याची नळी. पण ती नेमक्या मापाची लागते. वयाला ४ ने भागा, ४ मिळवा, असा हिशेब करून घातलेली नळी कधी सैल निघते, बाजूने हवा फसफसते, कधी अडते. मग काढा, दुसरी घाला, आणि प्रत्येक वेळी त्याच नाजूक जागेला पुन्हा घासा. २००९ साली युरोपातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, पाच वर्षांपर्यंतच्या २,२४६ मुलांचा. बिनफुग्याची नळी ३०.८ टक्के मुलांत बदलावी लागली, फुग्याची २.१ टक्के. नळी काढल्यावर श्वास घेताना घुरघुर अनुक्रमे ४.७ आणि ४.४ टक्के, म्हणजे फरक जवळपास नाहीच. अट एवढीच की फुग्यातला दाब २० सेंमी उंचीच्या पाण्याच्या दाबाच्या आत हवा, आणि तो मापकावर बघायचा. नळीला बाहेर जोडलेला छोटा फुगा चिमटीत दाबून ‘ठीक वाटतंय’ म्हणणारे आमच्यातही आहेत, त्यांना मात्र खुशाल टोका.

आता एलएमए. आर्ची ब्रेन या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने १९८१ मध्ये काढलेली ही युक्ती: मऊ वाटी स्वरयंत्राच्या तोंडावर बसते, स्वरतंतूंमधून जात नाही. हर्नियासारख्या छोट्या ऑपरेशनला मी तोच घेतो. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात वर्षाआतल्या १८१ बाळांपैकी नळीच्या गटात ५३ टक्क्यांना श्वासाच्या तक्रारी झाल्या, एलएमएच्या गटात १८ टक्क्यांना. मेसेजवाल्याने बहुधा हेच कुठेतरी ऐकलं असावं. पण श्वासमार्गाची, छातीची आणि पोटाची ऑपरेशनं त्या अभ्यासातून आधीच वगळलेली होती. वाटी झाकणासारखी बसते, बुचासारखी नाही. आतड्याला पीळ पडून उलट्या करणाऱ्या बाळात पोटातलं वर आलं, तर ते फुप्फुसात जायला तिची अडकाठी पुरत नाही. तिथे नळीच.

सर्दीचं अर्धं खरं आहे. सर्दीत स्वरतंतू चिडलेले असतात, भुलेत गच्च मिटू शकतात, आणि एलएमएत हे नळीपेक्षा कमी घडतं. कमी, पण घडतं. ताप, घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, छातीत घरघर असेल आणि ऑपरेशन थांबण्यासारखं असेल, तर आम्ही तारीखच निदान दोन आठवडे पुढे ढकलतो. त्यामुळे खोकला कधीपासून आहे आणि शेवटचं दूध किती वाजता झालं, हे मला त्या मेसेजपेक्षा जास्त कामाचं.

मागे एका आईने तो अख्खा मेसेज वाचून दाखवला. मग उठता उठता म्हणाली, “समोरचा दात हलतोय हिचा, त्याने काही होत नाही ना?” तो दात मी भूल चढल्यावर, तोंडात काहीही घालण्याआधी, काढून घेतला आणि डबीत घालून तिच्याकडे दिला.