त्याचा स्वतःचा मंगळवार

डाउन सिंड्रोम असलेल्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या कुठल्याही मुलाचा मोबाईल उघडून नंबर बघा. (तिशी उलटली तरी सगळे 'मुलगा'च म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिलं.) आई, बाबा, ताई, मामा, शाळेच्या बाई, व्हॅनवाले काका. आता त्यात त्याच्या वयाचं कोण आहे ते शोधा. आणि गेल्या महिन्याभरात आईला नव्हे, त्याला स्वतःला किती फोन आले तेही बघा. 'तुझा मित्र कोण रे?' विचारलं की तो व्हॅनवाल्या काकांचं नाव घेतो आणि आपल्याला ते फार गोड वाटतं. काका चांगलेच असतात. पण शाळा सुटली की व्हॅन सुटते, आणि व्हॅनबरोबर काकाही.

२१ मार्चला, जागतिक डाउन सिंड्रोम दिनाला, यंदाही सगळ्यांनी वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालून फोटो टाकले. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणून तिसऱ्या महिन्याची एकविसावी तारीख. संयुक्त राष्ट्रं २०१२ पासून हा दिवस पाळतात. मोज्यांशी माझं वैर नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या माणसांना वर्षातून एकदा येणाऱ्या कार्यक्रमाचा काही उपयोग नाही. त्यांना हवा आहे एक ठरलेला वार. तोच वार, तीच वेळ, तीच जागा, तीच चार-पाच माणसं.

हा प्रश्न आत्ताच एवढा मोठा का झाला, तर माणसं जगायला लागली म्हणून. अमेरिकेत १९८३च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान पंचवीसच्या आसपास होतं, आज ते साठच्या घरात आहे. जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो, आणि त्यावर आता वेळेत शस्त्रक्रिया होते. आपल्याकडेही चाळिशी गाठलेली माणसं पालक संघांतून दिसतात. पण व्यवस्था अजून अठरापाशीच थांबलेली आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षण सहा ते अठरा वर्षांपर्यंत. पुढे नशीब असेल तर कार्यशाळेत जागा मिळते, म्हणजे पणत्या रंगवायच्या, कागदी पिशव्या चिकटवायच्या, दिवाळीला उटण्याची पाकिटं भरायची. जागा नसेल तर सोफा, टीव्ही आणि साठीकडे झुकलेली आई. मुलींचं आणखी अवघड. 'जमाना वाईट आहे' एवढ्या एका वाक्यावर त्यांचं बाहेर जाणं पंचविशीतच संपतं.

मग दोन-तीन वर्षांत घरचे सांगायला लागतात, 'हल्ली बोलतच नाही, आंघोळीला चल म्हटलं की बसून राहतो.' याला एकटेपणा म्हणायच्या आधी कान तपासा. या माणसांच्या कानाची नळी अरुंद असते, मळ साचून घट्ट होतो, ऐकू कमी येतं आणि ते स्वतः तक्रार करत नाहीत. वर्षातून एकदा थायरॉइड, डोळे आणि कान, हे ठरवूनच टाका. रात्री मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, दिवसा डुलक्या घेत असेल तर झोपेची तपासणी. चाळिशीनंतर रोजच्या सवयीची कामं विसरायला लागला तर अल्झायमरचा विचार करावाच लागतो, यांच्यात तो लवकर येतो. उदासी इथे रडण्यातून फारशी दिसत नाही. सगळं संथ होतं, आधी येणारी कामं सुटतात. आणि स्वतःशी बोलतो म्हणून लगेच घाबरू नका. दिवसभरात काय घडलं ते असं मोठ्याने लावून बघणं यांच्यात सर्रास असतं. बोलण्याचा सूर बदलला, स्वतःला शिव्या द्यायला लागला, तर मात्र डॉक्टर गाठा.

सगळं तपासून झालं, गोळी सुरू झाली, तरी उरतं ते माणसांचं.

हा ठरलेला वार, समजा मंगळवार, कसा बसवायचा ते सांगते. चार ते सहा जण पुरेत. दहा झाले की तो वर्ग होतो आणि कुणीतरी बाई होऊन उभी राहते. वेळ दीड तास. हाताला काम हवं: कॅरम, भेळ कालवणं, कुंड्यांना पाणी, ढोलकी-झांजा. नुसतं 'गप्पा मारा' म्हटलं की पंधरा मिनिटांत सगळे आपापल्या आईकडे बघायला लागतात. यांना समजतं त्यापेक्षा बोलता कमी येतं, म्हणून काम आधी आणि बोलणं त्याच्या मागून. खाणं ठेवा, पण खाण्याभोवतीच सगळं फिरवू नका. यांचं वजन पटकन वाढतं, आणि घरोघरी करमणूक म्हणजे आधीच पावभाजी झालेली असते.

गटात समवयस्क हवेत. दोन-तीन डाउन सिंड्रोमचे, दोन-तीन शेजारचे किंवा कॉलेजचे. 'नॉर्मल मुलांशीच मैत्री झाली पाहिजे' हा हट्ट मला पटत नाही. आपल्यासारख्याच कुणाशी सूर जुळला तर ती कमी प्रतीची मैत्री कशी? बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये 'युनिफाइड' खेळ असतात, त्यांत बौद्धिक दिव्यांगत्व असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघातून खेळतात. ती रचना मला आवडते, कारण तिथे मदतनीस कुणी नसतो, सगळे भिडू.

पालकांनी सोडून निघून जायचं. हे सगळ्यात कठीण. आई खोलीत असली की प्रश्न आईलाच जातात, 'याला तिखट चालतं का हो?' अठ्ठावीस वर्षांचा माणूस समोर बसलेला असतो! त्यालाच विचारा. वाक्य छोटं ठेवा, मग मनात दहा आकडे मोजा. उत्तर येतं, पण आठव्या-नवव्या आकड्याला, आणि आपण तिसऱ्यालाच दुसरा प्रश्न टाकून त्याचं सगळं विस्कटवतो. 'कळलं का?' हा प्रश्न बादच करा, त्याचं उत्तर कायम 'हो' असतं. दोन वस्तू समोर धरा आणि 'कुठलं?' विचारा. त्याचं बोलणं समजलं नाही तर समजल्यासारखी मान डोलावू नका, ते त्याला लगेच कळतं. 'परत सांग', 'दाखव' म्हणा.

पहिले तीन-चार मंगळवार रटाळ जातील. कुणी कोपऱ्यात बसेल, कुणी चप्पल घालून निघेल. इथेच बहुतेक गट मोडतात, कारण येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना पहिल्याच दिवशी जादू हवी असते. महिनाभर काहीही न बदलता चालू ठेवा. नित्यक्रम ही या माणसांची मोठी ताकद आहे. वार एकदा डोक्यात बसला की सोमवारी रात्रीच शर्ट काढून ठेवतात.

आणि म्हणूनच रद्द करणं जपून. घडतं ते असं: परीक्षा आली, गटातली कॉलेजची मुलगी त्याच्या आईच्या व्हॉट्सॲपवर 'सॉरी काकू, आज नाही जमणार' टाकते. काकू स्वयंपाकात. तो पाचपासून बूट घालून दाराशी, पाण्याची बाटली हातात. साडेसहाला कळतं. पुढच्या मंगळवारी तो बूटच घालत नाही, आणि घरचे म्हणतात, 'याला आवडलं नसावं.' निरोप त्यालाच द्यायचा, त्याच्या फोनवर, आदल्या दिवशी, आणि पुढची तारीख सांगून. स्वयंसेवकाचं शहरच बदलणार असेल तर तीन आठवडे आधी त्याच्या कॅलेंडरवर शेवटच्या मंगळवारी तिचा फोटो चिकटवा. तास भरले, सर्टिफिकेट मिळालं, गायब, असं करणार असाल तर सुरूच करू नका. त्यापेक्षा टीव्ही कमी जिव्हारी लागतो.

फोनचंही शिकवावं लागतं. पहिल्या स्क्रीनवर तीन-चार मित्रांचे फोटो, बोट ठेवलं की कॉल लागेल असे. टाइप करण्यापेक्षा व्हॉइस मेसेज सोपा. नवा मित्र मिळाल्यावर दिवसात सतरा कॉल येतीलच. चिडून ब्लॉक करू नका, 'रात्री आठ ते साडेआठ' असं घड्याळाचं चित्र पाठवा आणि त्या वेळेत उचला. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हेही तोंडपाठ करून घ्या, गोड बोलणाऱ्यावर ही माणसं पटकन विश्वास ठेवतात.

मंगळवारच्या जागेपर्यंत जायचं कसं? रेल्वेची सवलतसुद्धा सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यालाच आहे, त्याला आणि सोबत्याला मिळून. म्हणजे आईचे गुडघे दुखले की मैत्री बंद. बसचा एकच मार्ग घ्या आणि तोच पक्का करून घ्या. आधी शेजारी बसून, तिकीट त्याला काढू द्या. मग दोन सीट मागे. मग वेगळ्या दाराने चढा. मग एका टोकाला सोडणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा. एकेका टप्प्याला महिनाही लागेल. रस्ता खोदला आणि बस दुसरीकडून वळली की सगळं बिघडतं, म्हणून चुकण्याचीही तालीम घ्या. चुकीच्या स्टॉपवर उतरलास तर तिथेच थांबायचं, खिशातलं कार्ड कंडक्टरला किंवा दुकानदाराला दाखवायचं.

'आमच्या मागे कसं?' हा प्रश्न प्रत्येक पालक सभेत येतो. राष्ट्रीय न्यास कायद्यात, म्हणजे १९९९पासून, कायदेशीर पालक नेमायची सोय आहे. न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमाही आहे. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' हे बौद्धिक दिव्यांगांसाठीचं निवासी घर उभं आहे. अशी ठिकाणं गरजेपुढे फार थोडी. पण जागा मिळाली तरी कायदेशीर पालक सही करतो, तो मंगळवारी कॅरम खेळायला येत नाही.

गणपती जवळ आले की सोसायटीत ड्यूट्यांचा कागद लागतो. त्याला स्टेजवर बोलावून ट्रॉफी द्यायची आणि टाळ्या वाजवायच्या, हे दरवर्षी होतं. यंदा कागदावर नाव लिहा. रोज संध्याकाळी सातची आरती, तबक तयार करणं: निरांजनात तूप, पाच वाती, कापूर, फुलं, हळदकुंकू. पाच वस्तूंचे पाच फोटो एका पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवून टेबलाशी टांगा, पहिले दोन दिवस कुणीतरी शेजारी उभं राहा, तिसऱ्या दिवशी बाजूला व्हा. एखाद्या दिवशी कापूर राहील, आरती दोन मिनिटं थांबेल. थांबू दे, पळत जाऊन तुम्ही आणू नका. आणि कागदावर पूर्ण नाव, आडनावासकट. बबलू, बाळ्या, छोटू नको.