डिकोडर सोपा केला म्हणून डेटा उडत नाही. फॉरमॅट मारल्याने उडतो

नातेवाइकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: एसएसडी आणि पेनड्राइव्हच्या कंपन्यांनी खर्च वाचवायला चुका दुरुस्त करणारा डिकोडर सोपा केला, तो आता अंदाजे गणित करतो, त्यामुळे चुका दुप्पट सुटतात, भारतीयांनी शोधलेला बीसीएच कोड (चुका दुरुस्त करायची जुनी गणिती पद्धत) मुद्दाम काढून टाकला, ड्राइव्ह सात दिवस बंद राहिला तर डेटा पुसला जातो, आणि उपाय काय, तर दर महिन्याला सगळा डेटा बाहेर काढून फॉरमॅट मारा, म्हणजे डिकोडर ताजा होतो. सांगलीत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माझ्या दाजींनी हा उपाय खरंच करून पाहिला, म्हणून हे लिहितोय.

आधी तो उपायच घेऊ, कारण खरं नुकसान त्यानं होतं. डिकोडर म्हणजे ड्राइव्हचं काम चालवणाऱ्या कंट्रोलर चिपमधलं लॉजिक. बिट आले, गणित झालं, उत्तर गेलं. मागच्या गणितातलं काहीही त्यात साचत नाही, मग ताजं काय होणार? झिजतात ते डेटा साठवणारे फ्लॅशचे सेल, आणि तेही लिहिण्या-पुसण्यानेच. पुन्हा लिहिल्याने सेलमधला विद्युतभार नव्याने भरला जातो, एवढं मात्र मान्य करावं लागेल. पण ते काम कंट्रोलर स्वतः करतो. एखाद्या ब्लॉकमध्ये चुका वाढल्या की तिथला डेटा तो दुसरीकडे हलवतो. त्यासाठी फॉरमॅट लागत नाही.

दाजींनी सगळं एका जुन्या हार्ड डिस्कवर उतरवलं, एसएसडी फॉरमॅट केली आणि डेटा परत घ्यायला गेले, तर हार्ड डिस्कवरचं एक फोल्डर वाचताच येईना. एका लग्नाचे फोटो गेले. रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही काही मिळालं नाही, कारण संगणकात बसवलेली एसएसडी फॉरमॅट केली की विंडोज तिला ट्रिमचा, म्हणजे ‘ही जागा आता रिकामी समज’ असा आदेश देतं, आणि मग त्या जागेतून बहुधा शून्यंच हाती लागतात. त्या घरच्यांना आता काय सांगायचं?

आता ‘अंदाजे गणित’. आजच्या बहुतेक एसएसडीत चुका दुरुस्त करायला एलडीपीसी नावाचा कोड असतो. प्रत्येक बिटाबद्दल डिकोडरकडे दोन गोष्टी असतात: तो शून्य आहे की एक, आणि त्याबद्दल खात्री किती. पॅरिटीच्या, म्हणजे बिटांचा मेळ तपासणाऱ्या, प्रत्येक समीकरणात बाकीच्या बिटांच्या खात्रीवरून एका बिटाची खात्री काढायची असते. काटेकोर सूत्रात लॉगरिदम आणि टॅनएच अशी किचकट गणितं येतात; हार्डवेअरमध्ये ती महाग पडतात. मिन-सम ही सोपी केलेली पद्धत म्हणते, बाकीच्यांतली सर्वांत कमी खात्री उचला. समजा खात्रीचे आकडे 3, 5 आणि 7 आहेत. काटेकोर उत्तर 2.86 येतं, मिन-समचं 3. आकडे 2, 2, 3 असे जवळजवळचे असले तर फरक वाढतो, 1.17 च्या जागी 2 येतात. म्हणून उत्तराला 0.75 ने गुणतात, म्हणजे चौथा हिस्सा वजा करतात, आणि ते सर्किटमध्ये फार स्वस्तात होतं. मग येतात 1.5.

मेसेज लिहिणाऱ्याला यातलं मुख्यच कळलेलं नाही. हे सगळे आकडे उत्तराकडे जाण्याच्या वाटेवरचे आहेत. उत्तर स्वीकारायचं की नाही, हे पॅरिटीची सगळी समीकरणं जुळतात का यावर ठरतं, आणि तिथे अंदाज चालत नाही. जुळली नाहीत तर कंट्रोलर वाचनाचे व्होल्टेज थोडे सरकवून तेच पान (एका वेळी वाचला जाणारा डेटाचा तुकडा) पुन्हा वाचतो आणि जास्त माहिती घेऊन पुन्हा प्रयत्न करतो. वेळ लागतो खरा. तरीही जमलं नाही तर ड्राइव्ह वाचनदोष कळवतो. ‘चुका दुप्पट सुटतात’ हे कुठून आलं?

रॉबर्ट गॅलागर यांनी अमेरिकेत एमआयटीत हे एलडीपीसी कोड 1960 च्या प्रबंधात मांडले आणि मग तीसेक वर्षं ते जवळजवळ विस्मरणात गेले, कारण त्या काळच्या हार्डवेअरला हे गणित झेपणारं नव्हतं. मिन-समसारखी सोपी रूपं निघाली म्हणूनच ते बोटभर चिपमध्ये मावले.

बीसीएचबद्दल थोडक्यात. राज चंद्र बोस आणि द्विजेंद्र कुमार राय-चौधुरी यांचं काम 1960 चं, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण फ्रान्समध्ये ओकेंगेम (Hocquenghem) यांनी 1959 मध्ये तेच कोड स्वतंत्रपणे मांडले होते, बीसीएचमधला एच त्यांचा. आणि बीसीएच मागे पडण्यात कारस्थान काही नाही. एका सेलमध्ये तीन बिट ठेवायचे तर विद्युतभाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, दुरुस्तीआधीच्या कच्च्या चुका वाढतात, आणि खात्रीची माहिती वापरण्यात एलडीपीसी सरस आहे.

उरले सात दिवस. जेडेक या चिप-उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं जेईएसडी 218 हे मानक डिकोडर आतून कसा आहे ते विचारत नाही, परिणाम बघतं. घरगुती एसएसडीने लिहिण्याची ठरलेली मर्यादा पूर्ण संपवल्यावरही 30 अंशांत एक वर्ष बंद राहून डेटा टिकवायचा, आणि न सुधारता येणाऱ्या चुका 10 चा 15 वा घात इतक्या बिटांमागे, म्हणजे साधारण 125 टेराबाइट वाचनामागे, एकाहून जास्त नकोत. उष्णतेत हा काळ घटतो, हे खरं. सांगलीच्या उन्हाळ्यात झिजलेली एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात टाकून ठेवू नये, इतपत या मुद्द्यात तथ्य आहे.

दाजींच्या कपाटात अशा काही आहेत. त्या जोडून, फॉरमॅट न करता, प्रत्येकीची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायचं आम्ही ठरवलंय. ज्यांनी मेसेज पुढे ढकलला त्यांनी निदान फॉरमॅटचा उपाय चुकीचा आहे एवढं तरी त्याच ग्रुपवर आज लिहावं.