शून्य कचरा म्हणे!

आज सकाळी एका ग्रुपवर कुणीतरी एका कंपनीची पोस्ट टाकली. "कळवण्यास अत्यंत आनंद होतो की आमचा कारखाना आता शून्य कचरा झाला आहे." फोटोत एकसारख्या टीशर्टातले साहेब लोक, मागे रंगीबेरंगी डबे, पुढे कुंडीतलं रोप. खाली टाळ्यांचा नुसता पाऊस. मला बारीक अक्षरं वाचायची खोड आहे. तिथे लिहिलं होतं की घातक कचरा आता सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातो, पुरायला काहीच जात नाही. झालं शून्य!

अहो, पण कचरा झाला की नाही? आधी ट्रक गेटबाहेर पडून डावीकडे वळायचा, आता उजवीकडे वळतो. ड्रम तेवढेच. कदाचित जास्तच, कारण आता कुणाला लाजच उरली नाही.

भट्टीत जाळणं पुरण्यापेक्षा बरं, हे मान्य. इंधन वाचतं, राख सिमेंटमध्येच जाते. पण युरोपियन युनियनच्या २००८ च्या कचऱ्याबद्दलच्या निर्देशात उतरंड अगदी स्वच्छ लिहिलेली आहे. आधी कचरा होऊच द्यायचा नाही, मग वस्तू पुन्हा वापरायची, मग रिसायकलिंग, मग त्यातून ऊर्जा वगैरे काढून घ्यायची, आणि काहीच जमलं नाही तर पुरायचं. हे लोक तळाच्या पायरीवरून फार तर एखादी पायरी वर चढले आणि तिथेच झेंडा रोवून फोटो काढून मोकळे झाले. सगळ्यात वरच्या पायरीबद्दल त्या पोस्टमध्ये एक ओळ नाही.

आणि ती वरची पायरी कशी दिसते ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून इतका जीव जळतो.

मी एकेकाळी एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूच्या पार्टांवर निकेल-क्रोमचा मुलामा चढवणाऱ्या, कारखान्यात लॅबला होते. कुठला ते विचारू नका. तिथे निकेलच्या टाकीवर एक काका होते. निकेलचं द्रावण हिरवंगार असतं आणि चांगलं गरम, ५०-६० अंशांवर. पार्ट लावलेला रॅक त्यातून वर काढला की कडाकडांवरून द्रावण निथळायला लागतं. काका रॅक कधी सरळ उचलायचे नाहीत. किंचित तिरका धरायचे. मग सगळं द्रावण एका कोपऱ्याकडे सरकायचं, तिथे थेंब जमायचा, फुगायचा आणि परत टाकीतच पडायचा. मग दुसरा, मग तिसरा. थेंब पडायला वेळ लागायला लागला की मगच रॅक पुढे धुण्याच्या टाकीत. शेजारच्या लाइनवरचा पोरगा रॅक उचलायचा तो थेट पाण्यात. दुपारपर्यंत त्याचं पाणी हिरवट झालेलं असायचं, काकांचं जवळजवळ स्वच्छ.

सुपरवायझर ओरडायचा, "काका, झोप लागली का? हलवा पटकन!"

मी एकदा त्यांना विचारलं, एवढं कशाला थांबता, तो ओरडतो ना. ते म्हणाले, "मॅडम, पोती मीच फोडतो."

बास. एवढंच. निकेल सल्फेटची पोती फोडून टाकीत ओतण्याचं काम त्यांचंच होतं. किती ओतलं आणि किती पार्टांवर बसलं याचा हिशोब त्या माणसाच्या अंगात भिनला होता. वर बसलेल्यांपैकी कुणी आयुष्यात पोतं फोडलेलं नव्हतं.

आता त्या शेजारच्या पोराच्या थेंबाचं पुढे काय व्हायचं ते बघा. निकेलचं मीठ विकत आणलं. ते पार्टावरून धुऊन काढायला पाणी घेतलं. ते पाणी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये गेलं, तिथे निकेल खाली बसवायला कॉस्टिक सोडा घातला, तोही विकतचा. गाळ फिल्टर प्रेसमधून दाबून काढला, त्याचा हिरवा केक ड्रममध्ये भरला, ड्रम ट्रकवर चढवले, आणि नेणाऱ्याला वर पैसे मोजले. म्हणजे शुद्ध निकेल पैसे देऊन आणायचं आणि घाणीत मिसळून पैसे देऊनच घालवायचं. आणि या सगळ्यातला फक्त शेवटचा खर्च, तो ड्रम नेणाऱ्याचा, "कचरा" या मथळ्याखाली लिहिला जायचा. बाकी सगळं "कच्चा माल", "पाणी", "केमिकल्स", "मजुरी" अशा सभ्य नावांखाली गुडूप.

मला कंपन्यांना एवढंच सांगायचंय की तुमचा कचरा हा तुम्ही विकत घेतलेला माल आहे. तो परचेसच्या, म्हणजे खरेदीच्या, रजिस्टरमध्ये शोधा. डबे कुठल्या रंगाचे घ्यायचे ते नंतर ठरवा.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. आयएसओ १४०५१ नावाचं मानक २०११ सालीच आलंय. त्यात हेच करायला सांगितलंय. वाया गेलेल्या मालावर त्याच्या खरेदीचा, त्याच्यासाठी जाळलेल्या विजेचा, त्याच्यावर घालवलेल्या मजुरीचा वाटा टाकायचा आणि मग आकडा बघायचा. जर्मनीत ही पद्धत निघाली, जपानी कारखान्यांनी ती उचलून धरली. आपली मंडळी मात्र आयएसओ १४००१ चं, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं, सर्टिफिकेट रिसेप्शनच्या भिंतीवर लावून खूश. ते प्रमाणपत्र वाईट नाही, पण ते तुमच्याकडे व्यवस्था आहे एवढंच सांगतं. निकेल कुठे गेलं ते सांगत नाही.

बरं, आमच्या त्या कारखान्यात पुढे काय झालं? मॅनेजमेंटला पर्यावरणाचा पुळका आला. छान! मग त्यांनी काय करावं? आणखी मोठा फिल्टर प्रेस आणला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! फीत कापली, फोटो काढले, भाषणं झाली. काका मागे उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

त्या मोठ्या यंत्राऐवजी काय करता आलं असतं? ऐका, कारण हे इतकं साधं आहे की राग येतो. टाकीच्या वर एक आडवी दांडी लावायची. रॅक तिच्यावर टांगायचा, दुसरा रॅक उचलायला जायचं, तोवर पहिला निथळतो. १० सेकंद मिळाले तरी केवढा फरक पडतो. दोन टाक्यांच्या मधल्या फटीवर उतरती पट्टी लावायची म्हणजे जमिनीवर सांडणारं परत टाकीत. पहिली धुण्याची टाकी वाहती न ठेवता साचलेली ठेवायची, आणि गरम टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी झालं की हे साचलेलं निकेलवालं पाणीच तिच्यात भर म्हणून घालायचं. पुढचं धुणं उलट्या प्रवाहाने करायचं, म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडायचं आणि तिथून ते आधीच्या टाकीत येऊ द्यायचं. चिकटून आलेलं द्रावण १००० पट पातळ करायचं असेल तर एका टाकीत थेंबामागे १००० थेंब पाणी लागतं. दोन टाक्यांत साधारण ३२. तीन टाक्यांत १०. हे माझं मत नाही, वर्गमूळ आणि घनमूळ आहे. शाळेतलं.

दांडी आम्ही लावली होती, बरं का. स्क्रॅपमधला पाइप घेऊन काकांनी आणि मेंटेनन्सच्या एका मुलाने ती बसवली. निकेलच्या मिठाची भर कमी लागायला लागली, ते मला लॅबच्या वहीत स्पष्ट दिसत होतं. मग एका मोठ्या ग्राहकाचं ऑडिट ठरलं आणि "लाइन गबाळी दिसते" म्हणून ती दांडी कापून टाकली. ऑडिटचा विषय होता पर्यावरण.

हे लिहिताना आत्तासुद्धा माझे हात थरथरतायत.

थोडं थांबते. न्यायाने बोलायचं तर त्या सुपरवायझरचीही एक बाजू होती. रॅक जास्त वेळ हवेत राहिला तर पार्टावर डाग पडतात, वर क्रोम नीट बसत नाही, आणि रिजेक्ट झालेला पार्ट हा सगळ्यात महाग कचरा असतो. शिवाय धुतलेलं पाणी परत टाकीत घालत राहिलं की त्याच्याबरोबर घाणही परत येते, मग ती काढायची कार्बन ट्रीटमेंट वाढते. आणि त्याचं बिचाऱ्याचं टार्गेट रॅकच्या संख्येवर होतं, वाचलेल्या निकेलवर कुणी त्याला शाबासकी देणार नव्हतं. त्याला शिव्या घालून मला काय मिळणार. ज्याने ते टार्गेट ठरवलं तो उंटावरून शेळ्या हाकत होता.

तुम्ही म्हणाल, एका प्लेटिंगच्या लाइनवरून जगाला काय शहाणपण शिकवतेस. बरं, मग मोठ्यांचं बघू. रॉजर शेल्डन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९९२ साली सरळ प्रश्न विचारला की एक किलो माल बनवताना किती किलो कचरा होतो. तेल शुद्धीकरणात हा आकडा ०.१ च्या आसपास किंवा त्याहून कमी. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या रसायनांत १ हून कमी ते ५. आणि औषधांमध्ये २५ पासून पार १०० च्या वर! ज्या उद्योगाच्या भिंती सगळ्यात पांढऱ्या, त्याचाच कचरा किलोमागे सगळ्यात जास्त. त्यात बरीचशी सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवायला वापरलेली द्रव्यं असतात, तीही अर्थात विकत घेतलेली.

पण याच धंद्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. आयबुप्रोफेन, आपली नेहमीची वेदनाशामक गोळी. जुन्या पद्धतीत ती सहा टप्प्यांत बनायची आणि आत घातलेल्या अणूंच्या वजनापैकी जेमतेम ४० टक्के शेवटच्या औषधात उतरायचं. मग तीन टप्प्यांची नवी रीत निघाली आणि तोच आकडा ७७ टक्क्यांवर गेला. गोळी तीच. कुणीतरी कागदावर मुळापासून विचार केला की हा अणू आत घालतोयच कशाला, जर तो बाहेरच फेकायचाय. १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला ग्रीन केमिस्ट्रीचा पुरस्कारही मिळाला. काका हे वाचून म्हणाले असते, बरोबर, त्यानेही पोती फोडली असणार.

३एम कंपनीने तर १९७५ सालीच "प्रदूषण टाळणं फायद्याचं असतं" अशा नावाची योजना सुरू केली होती. सूचना कर्मचाऱ्यांकडून मागवायच्या, आणि प्रदूषण उगमापाशीच थांबत असेल तर त्या घ्यायच्या. त्या कंपनीचं सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही, निसर्गात जवळजवळ कधीच न मोडणाऱ्या "कायमच्या रसायनां"वरून तिच्यावर जे खटले झाले ते सगळ्यांना माहीत आहेत. पण कल्पना बरोबर होती, आणि तिला आता पन्नास वर्षं उलटलीत. आपण अजून डबे रंगवतोय.

आणि "थोडं गेलं पाण्यात तर काय बिघडतं" म्हणणाऱ्यांसाठी मिनामाता हे एक नाव पुरेसं आहे. जपानच्या त्या खाडीत चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारा जात राहिला, मासे खाणाऱ्या माणसांच्या नसा निकामी झाल्या, १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली आणि तरीही सांडपाणी १९६८ पर्यंत सुरूच होतं. बारा वर्षं! पारा तिथे उत्प्रेरक म्हणून वापरायचे. तोही कंपनीने पैसे देऊन आणलेलाच होता ना? तो कुठे जातोय हे परचेसवाल्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही?

हां, आता कमेंटमध्ये कुणीतरी हमखास डेन्मार्कचं कालुनबोर्ग आणेल, म्हणजे एका कारखान्याचा कचरा शेजारचा कारखाना वापरतो ते गाव. आणा. मलाही आवडतं ते. वीज केंद्राच्या धुरातलं गंधक काढताना जिप्सम तयार व्हायचं, ते शेजारचा प्लास्टरबोर्डचा कारखाना घ्यायचा, वाफ रिफायनरीला आणि औषध कंपनीला जायची. १९७२ पासून एकेक करार होत गेले, वरून कुणी आराखडा दिला नव्हता, शेजाऱ्यांना शेजाऱ्यांशी बोलायची सवय होती एवढंच. सुंदर आहे. पण एक गोष्ट विसरू नका, ते जिप्सम कोळसा जाळल्यामुळे यायचं. शेजारी आपला कचरा विकत घेतो म्हटलं की तो कमी करायची इच्छाच मरते, आणि उद्या कोळसा बंद केला की शेजारी कच्च्या मालासाठी दारात उभा. एकाचा कचरा दुसऱ्याचा माल, हे वाक्य प्रत्येक परिषदेत ऐकून ऐकून माझे कान किटलेत. आधी एकाचा कचरा कमी करा. जो उरेल तो द्या दुसऱ्याला.

रिसायकलिंगच्या विरोधात आहे का मी? नाही हो. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम काढण्यापेक्षा जुनं वितळवलं तर सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, त्याला कोण वेडा नाही म्हणेल. पण पार्ट कापताना मशीनवर पडणारा धातूचा कीस वितळवण्यापेक्षा तो कमी पडेल असं कास्टिंग, म्हणजे ओतीव पार्ट, मागवणं केव्हाही शहाणपणाचं.

माझ्या यादीत परचेसमध्ये काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून शेवटचं तुमच्यासाठी. केमिकलचा सप्लायर तुम्हाला लिटरवर माल विकतो. म्हणजे तुमचं जितकं सांडेल तितका त्याचा धंदा वाढतो. तो तुम्हाला दांडी लावा असं कशाला सांगेल? यावर संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेने केमिकल लीजिंग नावाची पद्धत बऱ्याच देशांत करून पाहिली आहे. पैसे लिटरवर द्यायचेच नाहीत. किती पार्ट धुऊन निघाले, किती चौरस मीटरवर लेप बसला, त्यावर द्यायचे. मग द्रावण वाचवणं ही सप्लायरचीच गरज होते, आणि तो स्वतः येऊन टाकीपाशी उभा राहतो. सगळीकडे जमत नाही, गुणवत्तेची जबाबदारी कुणाची यावरून भांडणं होतात, ठाऊक आहे मला. पण तुमच्यापैकी किती जणांनी एकदा तरी असा भाव मागवून बघितलाय?

कोटेशनच्या फॉरमॅटमध्ये फक्त "दर प्रति लिटर" एवढाच रकाना आहे, हे कारण कृपया देऊ नका. एक रकाना वाढवायला संचालक मंडळाची मंजुरी लागत नाही. लागत असेल तर मला टॅग करा, मी येऊन बोलते त्यांच्याशी.